दोरीवरच्या उड्या, तिसरा मजला आणि माझं पोट

आंबटवरण | ९ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. पाच वर्षं वाचनमात्र होतो, आज पोटापायी धागा काढतोय.

वय ४१, उंची १७१ सेंमी, वजन ८६ किलो, कंबर १०२ सेंमी. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, "मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, आत यायचं की मागे फिरायचं ते तुम्ही बघा." पण खरं सांगतो, रिपोर्टपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली. परवा डोंबिवली स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबावं लागलं. धाप लागलीय हे दिसू नये म्हणून मोबाईल काढून बघत उभा राहिलो. तेवढ्यात नातवाचं दप्तर खांद्यावर टाकलेल्या एक आजी शांतपणे माझ्या पुढे निघून गेल्या.

जिमचे पैसे दोनदा भरून झालेत, दोन्ही वेळा जानेवारीत. सकाळी सव्वासातची लोकल, घरी यायला रात्रीचे साडेआठ, बाहेर पाऊस. त्यामुळे "रोज चालायला जा" हा सल्ला कृपया नको. काल लेकीच्या कपाटात दोरी सापडली. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या हॉलमध्ये उड्या मारून बघितल्या. पंचवीस उड्यांत आठ वेळा अडकलो, एक फटका पंख्याला आणि एक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला, पण घाम निथळला.

यानं वजन खरंच उतरतं का? १० मिनिटं दोरी म्हणजे अर्धा तास धावणं असं व्हॉट्सअॅपवर फिरतंय ते खरं का? आणि या वजनाला गुडघ्यांचं काय होईल?

कडू_कारलं | ९ जून, रात्री १०.५२

वजन स्वयंपाकघरात उतरतं, हॉलमध्ये नाही. धागा संपला.

हिशेबनीस | ९ जून, रात्री ११.३५

कारलं, जरा दम धरा, आकडे मांडू द्या.

व्यायामाची तीव्रता मोजायला 'मेट' नावाचं माप आहे. स्वस्थ बसलेला माणूस म्हणजे १ मेट. मिनिटाला शंभरपेक्षा कमी उड्या म्हणजे ८.८, शंभर ते एकशेवीस म्हणजे ११.८. मेट गुणिले किलो गुणिले तास, उत्तर किलोकॅलरीत. आंबटवरण ८६ किलोचे, सावकाश १० मिनिटं न थांबता उड्या मारल्या तर साधारण १२६. वडापाव तीनशेच्या आसपास असतो. म्हणजे पावाचा वरचा अर्धा भाग आणि थोडी चटणी.

आता व्हॉट्सअॅपवाला दावा. ताशी ८ किलोमीटरने धावणं ८.३ मेट धरतात. म्हणजे मिनिटाला मिनिट बघितलं तर दोरी आणि धावणं जवळपास सारखंच. दहाला तीस हे गणित कॅलरीत कुठेच बसत नाही. मग ते आलं कुठून? १९६८ साली अमेरिकेत बेकर नावाच्या संशोधकाने कॉलेजच्या मुलांचे दोन गट केले. एक गट रोज १० मिनिटं दोरी, दुसरा रोज ३० मिनिटं जॉगिंग. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांची हृदयाची कार्यक्षमता सारखीच सुधारलेली निघाली. कार्यक्षमता! चरबी नव्हे. आणि ती विशीतली पोरं होती, डोंबिवलीचे चाळिशीतले गृहस्थ नव्हते (हलके घ्या). पन्नास-साठ वर्षं हे वाक्य हातोहात फिरलं आणि वाटेत 'दम' गळून 'वजन' चिकटलं.

आंबटवरण | १० जून, सकाळी ७.४०

लोकलमधून लिहितोय. हिशेबनीस, पावाचा वरचा अर्धा भाग वाचून शेजारच्याच्या अंगावर हसलो. पण मला तो दमच हवाय की! पूल चढायचाय.

काल धागा टाकून जोश आला. आज पहाटे ५०० पूर्ण केल्या. तुकड्यातुकड्यात, पण ५००!

मृद्गंध | १० जून, दुपारी २.१५

अरे देवा, पाचशे? मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि दर पावसाळ्यात माझ्याकडे तुमच्यासारखे चार-पाच जण लंगडत येतात. परवा सकाळी नडग्या बोलायला लागतील, तेव्हा इथे या.

अण्णा_तालीमवाले | १० जून, संध्याकाळी ६.०५

आमच्या कोल्हापुरात दोरी म्हटली की ती वरनं टांगलेली. तालमीत हातानं चढायची, पाय न लावता. उड्या मारायची दोरी पोरींची म्हणून आम्ही हात लावत नव्हतो, आणि तिथंच चुकलो. बॉक्सिंगची पोरं बघा, बिनदोरीची सकाळ नसते त्यांची. चवड्यावर हलकं नाचायला शिकवते ती.

एक सांगतो भावा. तालमीत जोर-बैठका काढताना वस्ताद पहिल्या दिवशी पंचवीसच काढायला लावायचा. आम्हाला शंभर काढायची खुमखुमी. तो म्हणायचा, शंभर तू आज काढशील रे, उद्या येणार कोण? आणि खाली लाल माती असायची, ताक-तेल-हळद घालून मऊ केलेली. तुमच्या खाली फरशी आहे. हाडाला कळतंय फरक.

आंबटवरण | १२ जून, सकाळी ६.२०

मृद्गंध ताई, आलो. दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेला ठणका, पोटऱ्या दगड झाल्यात. जिना उलट्या पायाने उतरतोय. लेक व्हिडिओ काढतेय.

मृद्गंध | १२ जून, दुपारी १.५०

अगदी वेळेवर.

आधी एक तपासा. नडगीच्या आतल्या कडेवर बोटं फिरवा. चार-पाच बोटांच्या लांबीत पसरलेलं दुखणं असेल, चालता चालता कमी होत असेल, तर हाडाभोवतीच्या आवरणावर ताण आलाय, विश्रांतीने जाईल. पण एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर जीव जातोय, किंवा रात्री झोपेतही ठणकतंय, असं असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. मग नेटवर विचारत बसू नका, ऑर्थोपेडिककडे जा. आणि लक्षात ठेवा, असा तडा सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये कित्येकदा दिसतच नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून लगेच उड्या सुरू करायच्या नसतात.

पसरलेलं दुखणं आहे असं धरून पुढचं सांगते. आठ-दहा दिवस दोरी कपाटात. तोवर भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या, वर दोन सेकंद थांबायचं, सावकाश खाली. आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. एका पायावर सलग वीस-पंचवीस जमल्या की पोटरी उडी झेलायला तयार झाली असं मी माझ्या पेशंटना सांगते. लोकांना गुडघ्याची काळजी असते, पण नवख्याची दोरी पहिल्यांदा बिघडवते ती पोटरी, नडगी आणि टाचेमागची शीर. गुडघा नंतर, आणि तोसुद्धा उंच उडी मारून टाचेवर आपटणाऱ्यांचा.

उडी किती उंच? दोरी जाड असून असून किती असते, पाच-सहा मिलिमीटर! जमिनीपासून इंचभर सुटलात तरी ती पायाखालून जाते. तुम्ही नक्की वीतभर उडत असणार.

आंबटवरण | १२ जून, दुपारी २.३०

पसरलेलंच आहे. आणि हो, वीतभर. लेकीच्या व्हिडिओत पुरावा आहे.

खालचा_मजला | १२ जून, रात्री ९.१०

या धाग्यावर मी येणारच होतो. गेली तीन वर्षं माझ्या डोक्यावर एक कुटुंब राहतं. आधी मिक्सर होता, मग मुलगा टप्पा खेळायचा, आता बाईंनी दोरी घेतलीय. पहाटे साडेपाच. धप, धप, धप, खट (ही दोरी), "अय्या", पुन्हा धप. मला आता त्यांच्या उड्या पाठ आहेत. सत्तावीसला त्या अडकतात. मी अंथरुणात पडून सत्तावीसची वाट बघतो, आणि ज्या दिवशी अठ्ठावीस होतात त्या दिवशी मला उगाच आनंद होतो.

योगाची चटई टाकून काही उपयोग होत नाही हो. ती सहा मिलिमीटरची, तिच्याने फरशी गार लागत नाही एवढंच. आवाज स्लॅबमधून येतो.

खट्याळ_खारूताई | १२ जून, रात्री ९.३०

अठ्ठावीस!! मेले हसून.

जर्सी_काका | १३ जून, पहाटे ४.४५

न्यू जर्सीहून. बेसमेंटमध्ये मारतो, खाली फक्त पृथ्वी, त्यामुळे कोणाची तक्रार नाही. पण छत बुटकं, दोरी ट्यूबलाइटला लागून एकदा अंधार केलाय. मग बिनदोरीची दोरी घेतली, म्हणजे मुठींना दोरीऐवजी फूटभर तार आणि टोकाला वजनाचे गोळे. मनगट फिरतं, ताल मिळतो, अडकणं नाही. पण अडकण्यातच अर्धी मजा आहे असं माझं मत झालंय, कारण न अडकता माणूस आळशी उड्या मारतो.

अवांतर: इथे शाळांमध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनतर्फे दोरीउड्या मारून देणगी गोळा करायचा उपक्रम वर्षानुवर्षं चाललाय. माझी मुलगी एका वर्षी शेजाऱ्यांकडून उडीमागे पैसे कबूल करून आली, आणि शेजाऱ्यांना वाटलं पन्नासेक मारेल.

मृद्गंध | १३ जून, दुपारी १.२०

काकांचा उपाय छोट्या हॉलसाठी ठीक. पण आंबटवरण, तुमच्या इमारतीखाली पार्किंग असेल ना? तिथे जा. गच्ची पावसाळ्यात मुळीच नको, कोब्यावर शेवाळ धरतं आणि घसरलात तर मनगट मोडेल. दोरीची लांबी बघायची सोपी रीत म्हणजे दोरीच्या मधोमध एक पाय ठेवून मुठी वर ओढा, काखेपर्यंत आल्या की झालं. लेकीची दोरी तुम्हाला आखूड पडणारच, म्हणून तर वीतभर उडताय. सुरुवातीला साधी पीव्हीसीची घ्या किंवा मणी ओवलेली. मण्यांची जरा जड असते, हवेत आकार धरते, जमिनीला लागली की टक्क वाजते, त्या आवाजावर ताल बसतो. स्टीलच्या तारेची 'स्पीड'वाली सध्या घेऊ नका, अंगठ्याचं नख काळं होईल.

दहा दिवसांनी सुरुवात अशी करा: २० सेकंद उड्या, ४० सेकंद नुसतं चालणं, असे दहा फेर. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. कोपरं कमरेजवळ, दोरी खांद्यातून नाही तर मनगटातून फिरवायची. बूट घालून. दर आठवड्याला ५ सेकंद उडी वाढवा, ५ सेकंद चालणं कमी करा. छातीत दाब वाटला, चक्कर आली तर तिथेच थांबायचं. आणि तुमची साखर वर आहे, वय चाळिशीपार, तर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या की एवढी धडधड चालेल का.

हिशेबनीस | १३ जून, दुपारी ३.००

२० सेकंदांचे दहा फेर म्हणजे निव्वळ उड्या ३ मिनिटं २० सेकंद. ४२ किलोकॅलरी. एक चमचा तूप.

कडू_कारलं | १३ जून, दुपारी ३.०४

मी काय म्हणत होतो?

अण्णा_तालीमवाले | १३ जून, रात्री ८.३०

तूप सोडू नका, फेर वाढवा.

वाचनमात्र_वैशाली | १४ जून, सकाळी ११.००

जेवणाचं काय ठरवलंय? मी दीक्षितांचं दोन वेळचं करते, ५५ मिनिटांत जेवण आटपायचं, मध्ये काही नाही. चार महिन्यांत...

सरपंच_संपादक | १४ जून, सकाळी ११.२०

दीक्षितांचं डाएट की दिवेकरांचं यावर आधीच बरीच पानं भरलेली आहेत. या धाग्यावर दोरीच राहू द्या. पुढचे १४ प्रतिसाद हलवले आहेत.

खट्याळ_खारूताई | १६ जून, रात्री ११.४०

एक विचारू का? विचारतेच, सगळ्याजणी असंच गप्प बसतात म्हणून राहून जातं.

मी ३६, दुसरं बाळ दीड वर्षाचं. मागच्या महिन्यात दोरी सुरू केली आणि दहा-पंधरा उड्यांत थोडी लघवी होते. शिंकतानाही कधीकधी. सासूबाई म्हणतात, बायकांनी उड्या मारू नयेत, पिशवी खाली येते. आईही तेच म्हणते. मैत्रीण म्हणते, पॅड लाव आणि मार. कोणाचं ऐकू?

मृद्गंध | १७ जून, दुपारी २.४०

खारूताई, विचारलंस ते फार बरं केलंस. हे खूप जणींना होतं आणि "बाळंतपणानंतर चालायचंच" म्हणून वर्षानुवर्षं सहन करतात. चालायचंच नाही, बरं होतं.

सासूबाईंचं अर्धं खरं आहे. धडधाकट बाईची पिशवी दोरीमुळे खाली येत नाही. ती सैल पडायला कारणं बहुतेक वेळा बाळंतपण, वाढलेलं वजन, जुना खोकला, कायमचा बद्धकोष्ठ आणि वर्षानुवर्षं उचललेलं जड ओझं. पण ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच दुबळे असतील तर प्रत्येक उडीचा धक्का त्यांच्यावरच येतो, आणि तुझं शरीर तेच सांगतंय. पॅड लावून पुढे जाणं म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डवर तेलाचा इशारा देणारा दिवा लागला की त्यावर चिकटपट्टी लावून गाडी हाकण्यासारखं.

दोरी सध्या ठेव. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखून धरतो तसं आत-वर ओढायचं, मोजून पाच-सहा सेकंद, मग पूर्ण सैल सोडायचं, तेवढाच वेळ. दहा वेळा, दिवसातून तीनदा. सैल सोडणं विसरतात सगळ्या, तेही तितकंच महत्त्वाचं. श्वास कोंडायचा नाही. हे प्रत्यक्ष लघवी करताना थांबवून करायचं नाही, ती सवय वाईट. तीन महिने नेटाने कर. शक्य असेल तर या विषयातल्या फिजिओला किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाला एकदा दाखव, कारण निम्म्या जणी उलटं, खाली ढकलतात आणि त्यांना कळतही नाही. खाली जड वाटणं, काहीतरी उतरल्यासारखं वाटणं असेल तर दाखवणं लांबवू नकोस.

नुकत्याच बाळंत झालेल्या कोणी वाचत असतील तर: किमान १२ आठवडे धावणं-उड्या काहीच नको, आणि त्यानंतरही आधी चालणं सुखाचं झालं पाहिजे.

खट्याळ_खारूताई | १७ जून, दुपारी ३.१५

ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून दहा वेळा केले. कोणाला कळलं नाही. थँक्यू ताई.

तीन_अनामिका | १७ जून, रात्री १०.०५

मीही. वाचनखूण साठवली.

आंबटवरण | ५ जुलै, रात्री ९.५५

हजेरी. नडग्या शांत झाल्यावर २४ जूनला सुरू केलं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी ईसीजी काढून परवानगी दिली. पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधली जागा मिळालीय. पहिल्या दिवशी वॉचमन मामा लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी खुर्ची जवळ आली. आता ते मोठ्याने मोजतात, आणि मी अडकलो की "हां, पुन्हा शून्यापासून" म्हणतात. शून्यापासून कशाला, असं विचारायची हिंमत नाही. वजन ८५.६. म्हणजे पाणी प्यायलं की पुन्हा ८६.

खालचा_मजला | ६ जुलै, सकाळी ६.१०

पार्किंगमध्ये गेलात, देव तुमचं भलं करो.

आंबटवरण | २ ऑगस्ट, रात्री १०.१५

४० सेकंद उड्या, २० सेकंद चालणं, पंधरा फेर. म्हणजे निव्वळ १० मिनिटं. वजन ८४.९ वर येऊन अडकलंय, दोन आठवडे काटा हलत नाही. कारलेबुवा, तुमच्याकडे यावं लागणार असं दिसतंय.

कडू_कारलं | २ ऑगस्ट, रात्री १०.५०

या. संध्याकाळी साडेआठला घरी आल्यावर पहिलं काय तोंडात जातं ते खरं खरं लिहा.

आंबटवरण | २ ऑगस्ट, रात्री ११.०५

फरसाण. वाटीने नाही, डब्यातून. जेवण होईस्तोवर. व्यायाम सुरू केल्यापासून जरा जास्तच, "आज उड्या मारल्यात" म्हणून.

कडू_कारलं | २ ऑगस्ट, रात्री ११.१०

तेलकट शेव-फरसाणाच्या शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर कॅलरी असतात. हिशेबनीस, उरलेलं तुम्ही करा.

हिशेबनीस | २ ऑगस्ट, रात्री ११.२५

एवढ्यासाठी जागं ठेवू नका हो माणसाला. १० मिनिटांच्या उड्या सव्वाशे, दोन मुठी फरसाण त्याहून जास्त. किलोभर चरबी म्हणजे ७७०० धरतात. डबा वरच्या फळीवर ठेवा. त्याच्या जागी भाजलेले चणे किंवा आल्या आल्या सरळ जेवण.

आंबटवरण | २० सप्टेंबर, रात्री ९.३०

गणपतीत दहा दिवस दोरी बंद, मोदक चालू. त्याची लाज नाही. फरसाण मात्र ऑगस्टपासून रविवारीच, रात्रीचा भात निम्मा. अडकल्यावर शून्यापासून मोजायची शिक्षा अजून चालू आहे, आणि सलग १४० हा माझा विक्रम.

आंबटवरण | १८ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

आकडे हवे असतील त्यांच्यासाठी. वजन ८१.८. कंबर ९६, अजून पुरुषांसाठीच्या ९० च्या मर्यादेवरच, पण पट्ट्याला दोन भोकं आत गेलोय. सकाळी उठल्यावरची नाडी ८४ होती, आता ७२. एचबीए१सी ५.८. डॉक्टर म्हणाले, अजून उंबरठ्यावरच आहात, पण तोंड फिरवलंत. यातलं दोरीचं किती आणि फरसाणाचं किती ते मला सांगता येणार नाही, वजनाचं श्रेय मी कारलेबुवांना द्यायला तयार आहे. नाडी मात्र दोरीची.

काल संध्याकाळी डोंबिवलीचा पूल एका दमात चढलो. वर पोचल्यावर सवयीने मोबाईल काढला, मग आठवलं की गरज नाही.

कडू_कारलं | १८ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

श्रेय पोचलं. आता एक कबुली. मी ऑगस्टमध्येच दोरी आणलीय.

खट्याळ_खारूताई | १८ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

कारलं!!

माझं: चार महिने नेमाने केलं, फिजिओंनी परवानगी दिली, परवा ३० उड्या मारल्या. कोरडी.

मृद्गंध | १८ ऑक्टोबर, दुपारी १.४५

वा, खारूताई. ३० वरच आठवडाभर थांब. आंबटवरण, दोरीचा मधला भाग एकदा तपासा. पार्किंगच्या खडबडीत कोब्यावर पीव्हीसी चार महिन्यांत झिजते आणि ऐन उडीत तुटून डोळ्याकडे येते.

आंबटवरण | १८ ऑक्टोबर, दुपारी २.२०

तपासली. पार सुतळीसारखी झालीय. आज नवीन आणतो. मामा म्हणतात दोन आणा.

खालचा_मजला | १८ ऑक्टोबर, रात्री ९.४०

वरच्या बाईंनी आज एक्केचाळीस मारल्या. मी उठून बसलो होतो.